आकाशवाणीचा खर्च कोणी सोसावा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी हा विषय सुचवला तेव्हा मी थोडा कुरकुरलो होतो. शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगार, महागाई असे जिव्हाळ्याचे प्रश्न पुढे असताना नभोवाणीच्या करावर तासभर कोण ऐकून घेणार, असे मला वाटले. पण टिपणे काढायला बसलो आणि माझे मत बदलले. तुमच्या मोर्चाची बातमी कोण देतो आणि कोण दडपतो याची तक्रार तुम्ही दर बैठकीत करता. ती बातमी देणाऱ्याचे पोट कोण भरतो, हा त्याच तक्रारीचा आर्थिक भाग आहे. त्याकडे आपल्या चळवळीने फारसे लक्ष दिलेले नाही.

आठवणीपासून सुरुवात करतो. माझे बालपण तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या विडी कामगारांच्या एका गावात गेले. वडील शाळेत कारकून होते. आमच्या आळीत रेडिओ एकच, आमचा. त्याबरोबर टपाल कार्यालयातून मिळालेले परवान्याचे एक पुस्तक असे. वर्षाला पंधरा रुपये भरायचे, मग त्या पुस्तकात तिकिटे चिकटवून त्यांवर शिक्का मारला जाई. एका वर्षी वडिलांचा पगार लांबला, मुदत टळली आणि वर दंड भरावा लागला. त्यावरून घरात झालेली धुसफूस मला अजून आठवते. दुपारी मात्र आमच्या ओसरीवर विड्या वळणाऱ्या पंधरा-वीस बायका सुपे घेऊन येऊन बसत. आई रेडिओ खिडकीत ठेवी. ‘आपली आवड’ लागले की हात चालू राहत आणि बोलणे थांबे. पैसे एकाने भरले, ऐकले वीसजणींनी, आणि वीसजणींनी ऐकले म्हणून आमच्या वाट्याचे गाणे काही कमी झाले नाही.

पुढे अर्थशास्त्र शिकताना कळले की या साध्या गोष्टीला ‘सार्वजनिक वस्तू’ असे भारदस्त नाव आहे. पॉल सॅम्युएल्सन यांनी १९५८ मध्येच याच संदर्भात दूरचित्रवाणीचे उदाहरण घेतले होते. एक प्रेक्षक वाढल्याने प्रक्षेपणाचा खर्च वाढत नाही. तेव्हा पैसे न देणाऱ्याला तांत्रिक युक्तीने वगळता आले तरी वगळण्यात समाजाचा तोटाच आहे. गव्हाच्या पोत्याला जो नियम लागतो तो इथे लागू पडत नाही. मग खर्च भागवायचा कसा? दारावर तिकीट लावायचे नसेल तर कोणत्या ना कोणत्या रूपाने कर आला. आणि कर आला की समाजवाद्याने विचारायचे दोन प्रश्न ठरलेले आहेत : भार कोणाच्या खांद्यावर पडतो, आणि थैलीची दोरी कोणाच्या हातात राहते.

आपल्या देशात याची सुरुवात मुंबईत झाली. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. परवाना शुल्क वर्षाला दहा रुपये, त्यातले आठ रुपये कंपनीचे. अवघ्या देशात परवानाधारकांची संख्या आठ हजारांपर्यंतही पोचली नाही. चोरून ऐकणारे पुष्कळ होते आणि त्यांना पकडण्याजोगा कायदा नव्हता. १९३० मध्ये कंपनी बुडाली आणि सरकारने कारभार हाती घेतला. विनापरवाना संच बाळगणे गुन्हा ठरवणारा वायरलेस टेलिग्राफी कायदा आला तो १९३३ साली. म्हणजे शुल्क आधी, कायदा नंतर. एवढ्या विशाल आणि दरिद्री देशात मूठभर संचमालकांच्या वर्गणीवर नभोवाणी चालणार नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

स्वातंत्र्यानंतरही परवाना पद्धत राहिली. पण एक गोष्ट तिच्या टीकाकारांनी आणि समर्थकांनीही नीट लक्षात घेतलेली नाही. वडिलांनी भरलेले पंधरा रुपये आकाशवाणीच्या स्वतंत्र पेटीत पडत नव्हते. ते सरकारी तिजोरीत जात, आणि आकाशवाणीला मिळे ते मंत्रालयाच्या खात्यामार्फत, अंदाजपत्रकातून. ब्रिटनमध्ये परवाना शुल्काने बीबीसीला सरकारपासून थोडे अंतर मिळवून दिले. आपण शुल्क उचलले आणि अंतर तेवढे मागे ठेवले. त्याची किंमत २६ जून १९७५ च्या सकाळी कळली. आणीबाणीच्या एकवीस महिन्यांत विरोधी नेते तुरुंगात असताना आकाशवाणी काय बोलत होती ते आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी सोसले आहे. त्या काळातही लोक टपाल कार्यालयात रांग लावून परवान्याचे पैसे इमाने भरत होते.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर हे शुल्क रद्द झाले. सामान्य माणसाने सुटकेचा नि:श्वास टाकला, मीही टाकला. संच स्वस्त होऊन झोपडीपर्यंत पोचत असताना प्रत्येक संचावर वार्षिक कर लावणे हे श्रीमंताला आणि गरिबाला सारखीच डोईपट्टी लावण्यासारखे होते. ती गेली हे चांगलेच झाले. पण तिच्या जागी काय आले?

आधीपासूनच येऊ लागले होते. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर मुंबई, पुणे आणि नागपूर येथून जाहिराती सुरू झाल्या. १ जानेवारी १९७६ पासून, आणीबाणी चालू असतानाच, दूरदर्शनवर त्या आल्या. आता, जाहिरातीवर चालणारी वाहिनी ‘फुकट’ असते असा समज सुशिक्षितांतही आढळतो. पदव्युत्तर वर्गात मी हा प्रश्न दर वर्षी विचारत असे आणि निम्म्याहून अधिक मुले दर वर्षी चुकत. साबणाचा कारखानदार जाहिरातीचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून करपात्र नफ्यातून वजा करतो, म्हणजे त्याचा काही भाग बुडालेल्या कराच्या रूपाने सरकारी तिजोरी सोसते. उरलेला भाग वडीच्या किमतीत चढतो. ती वडी कोण घेतो? ज्याच्या घरी टीव्ही आहे तो घेतो आणि ज्याच्या घरी वीजही धड नाही तोही घेतो. ऊसतोडणीच्या कोपीत राहणारी बाई साबण घेते तेव्हा मुंबईत घराघरांत पाहिल्या जाणाऱ्या मालिकेचा कर भरते, आणि तिला त्याची पावतीही मिळत नाही. जाहिरातीने खप वाढतो, उत्पादनाचा दर-नग खर्च उतरतो आणि किंमत कमी होते, असा उलट युक्तिवाद पाठ्यपुस्तकांत आहे. मीही तो इमानदारीने शिकवला. परंतु दोन बड्या कंपन्या एकमेकींचे गिऱ्हाईक ओढण्यासाठी जाहिरातीचा भडिमार करतात तेव्हा एकूण साबण काही अधिक खपत नाही. खर्च तेवढा वाढतो.

तेव्हा जाहिरात हा अप्रत्यक्ष कर आहे, आणि सगळ्या अप्रत्यक्ष करांप्रमाणे तो कमी मिळकतीवर जास्त जड पडतो. शिवाय त्यात एक खास दोष आहे. विक्रीकर भरणाऱ्याला निदान मत तरी असते. जाहिरातदाराला हवा असतो तो खरेदी करू शकणारा प्रेक्षक. भूमिहीन मजूर, आदिवासी, म्हातारी माणसे हे त्याच्या हिशेबात बसत नाहीत, आणि त्याच्या हिशेबात बसत नाहीत ते हळूहळू कार्यक्रमांतूनही उतरतात. हे फक्त समाजवादीच म्हणतात असे नाही. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८५ मध्ये बीबीसीच्या अर्थव्यवहाराचा विचार करायला ॲलन पीकॉक यांची समिती नेमली. पीकॉक हे मुक्त बाजारपेठेचे पुरस्कर्ते, तेव्हा बीबीसीवर जाहिराती घ्या अशी शिफारस येणार हे बहुतेकांनी गृहीत धरले होते. १९८६ च्या अहवालात त्यांनी ती नाकारली. जाहिरातीने श्रोत्याची निवड रुंदावत नाही, आक्रसते, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्या विरोधी छावणीतला हा साक्षीदार आपण फारसा वापरलेला नाही.

आता युरोपातल्या अनुभवाकडे थोडे पाहू. तिथे हा वाद आजही तापलेला आहे.

ब्रिटनमध्ये १९२२ साली दहा शिलिंगांवर सुरू झालेले परवाना शुल्क एप्रिल २०२५ मध्ये वर्षाला १७४.५० पौंड झाले. दर घरी तेवढेच. लंडनमधल्या बँकमालकालाही तेवढेच आणि एकट्याने मुले वाढवणाऱ्या सफाई कामगार बाईलाही तेवढेच. न भरणे हा फौजदारी गुन्हा आहे आणि खटला झालेल्यांत सुमारे तीन-चतुर्थांश स्त्रिया असतात. कारण साधे आहे : तपासनीस दार ठोठावतो तेव्हा घरी बाई असते. पंचाहत्तरीपुढच्या सर्वांना असलेली माफी ऑगस्ट २०२० पासून संपली. ज्यांना गरिबीमुळे पेन्शन क्रेडिट नावाचे साहाय्य मिळते त्यांच्यापुरती ती उरली. बीबीसीला मी मान देतो. तिची मराठी सेवा २०१७ पासून सुरू झाली तेव्हा तिच्या वाचकांत मीही होतो. पण मान द्यावा अशा संस्थेचा खर्च अन्यायाच्या मार्गाने उभा राहू नये.

जर्मनीने २०१३ पासून संचाचा संबंध तोडला आणि दर घरामागे वर्गणी लावली. चोरून ऐकण्याचा प्रश्न त्यामुळे मिटला. सरकारी साहाय्यावर जगणाऱ्यांना माफी मिळते. पण बाकी सर्वांना रक्कम एकच, २०२१ पासून महिन्याला १८.३६ युरो. भार या कसोटीवर मी तिला काठावर पास करीन. थैलीची दोरी या कसोटीवर मात्र जर्मनीकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. किती पैसे लागतात हे तिथे एक स्वतंत्र आयोग ठरवतो. डिसेंबर २०२० मध्ये सॅक्सनी-अनहाल्ट या एका घटकराज्याच्या सत्ताधाऱ्यांतल्या भांडणामुळे ८६ सेंटची वाढ अडली. १८.३६ युरो हा आकडा त्याच वाढीचा. प्रकरण घटना न्यायालयात गेले आणि २०२१ च्या उन्हाळ्यात न्यायालयाने ती वाढ लागू केली. राजकीय नाराजीपोटी प्रसारणसंस्थेचा निधी अडवून ठेवणे हा तिच्या स्वातंत्र्यावरचा घाव आहे, असे तत्त्व तिथे रुजलेले आहे. नाझींच्या रेडिओचा अनुभव घेतलेल्या देशाला ते अंगवळणी पडले असावे.

भाराची बाजू उत्तरेकडच्या देशांनी अधिक चांगली सोडवली. फिनलंडने २०१३ साली परवाना रद्द करून उत्पन्नावर आधारलेला प्रसारण-कर आणला. ठराविक मर्यादेखालच्या उत्पन्नाला तो लागत नाही. स्वीडनने २०१९ पासून करपात्र उत्पन्नाच्या एक टक्का असा कर लावला. दोन्हीकडे वरची कमाल मर्यादा मात्र आहे, म्हणजे शाळामास्तर जिथे थांबतो तिथेच कोट्यधीशही थांबतो. ही मर्यादा का असावी याचे समाधानकारक कारण मला सापडलेले नाही. आणि परवाना काढून टाकणे म्हणजे आपोआप पुरोगामी पाऊल, असे समजू नका. डेन्मार्कमध्ये २०१८ साली परवाना रद्द करण्याच्या निर्णयाबरोबरच सार्वजनिक प्रसारणसंस्थेच्या खर्चाला पाच वर्षांत २० टक्के कात्री लावायचे ठरले. फ्रान्सने २०२२ साली वर्षाचे १३८ युरो रद्द केले, त्याचा मोठा गाजावाजा झाला आणि तूट मूल्यवर्धित कराच्या उत्पन्नातून भरली. दुकानात जाणारा प्रत्येकजण तो कर देतो. एका खिशातले काढून दुसऱ्या खिशातून घेतले, तेही गरिबाच्या.

या सगळ्याशी ताडून पाहिले तर आपली स्थिती कशी दिसते? प्रसार भारती कायदा १९९० मध्ये संमत झाला. मंत्रिमंडळात आपले मधू दंडवते अर्थमंत्री होते. त्याआधी १९६६ मध्ये चंदा समितीने आणि १९७८ मध्ये वर्गीज कार्यगटाने स्वायत्ततेची शिफारस करून झालेली होती. कायदा संमत होऊनही सात वर्षे पडून राहिला आणि १९९७ मध्ये अंमलात आला. त्याचे १७ वे कलम प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा तरी वाचावे. केंद्र सरकार संसदेच्या मंजुरीने प्रसार भारतीला दर वर्षी परवाना शुल्काचे उत्पन्न, ‘असल्यास’, देऊ शकेल. आणि स्वतःला आवश्यक वाटेल तेवढी अन्य रक्कम देऊ शकेल. परवाना शुल्क काही वर्षांपूर्वीच रद्द झालेले होते, म्हणून ‘असल्यास’. आणि ‘देईल’ असे म्हटलेले नाही, ‘देऊ शकेल’ असे म्हटले आहे. किती द्यायचे ते सरकारला वाटेल तेवढे. या दोन-तीन शब्दांत स्वायत्ततेचे सगळे पाणी गळून गेले. तो कायदा आपल्या मित्रांनी केला म्हणून हे बोलायचे टाळणे मला योग्य वाटत नाही.

परिणाम दिसतच आहेत. २०१८ च्या आरंभी पगाराचा निधी मंत्रालयाने रोखून धरला आहे, अशी तक्रार खुद्द प्रसार भारतीच्या अध्यक्षांनी जाहीरपणे केली. मंत्रालयाने करारनाम्याच्या पूर्ततेचे कारण पुढे केले. खरे-खोटे काही असो, अशी तक्रार करण्याची वेळ येते यातच सर्व आले. जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचे ठरले. पुण्यातून ओरड झाली म्हणून निर्णय थांबला. याच पुणे केंद्राने १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे भरवली होती. लोक एकत्र बसून ऐकत, चर्चा करत, आणि त्यांचे प्रश्न परत केंद्राकडे जात. तो प्रयोग जगभर अभ्यासला गेला.

म्हणजे आज आपल्याकडे भाराचा मोठा भाग साबणाच्या वडीत दडलेला आहे आणि दोरी मंत्र्याच्या हातात आहे. दोन्ही कसोट्यांवर आपण नापास.

मग पैसे कोणी द्यावेत? माझे उत्तर एका निवाड्यावर उभे आहे. फेब्रुवारी १९९५ मध्ये क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय दिला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे. मालमत्ता जनतेची असेल तर तिच्यावर नफा कमावणाऱ्याने जनतेला खंड दिला पाहिजे. कुळकायद्याच्या चळवळीत वाढलेल्यांना हे समजावून सांगायला नको. असा खंड वसूल होतोही. घरोघर छत्री बसवून वाहिन्या पुरवणाऱ्या खाजगी कंपन्यांनी आपल्या समायोजित महसुलाच्या आठ टक्के परवाना शुल्क सरकारला द्यावे, असे डिसेंबर २०२० मध्ये ठरले. पुढे २०२३ साली नियामक प्राधिकरणाने हे शुल्क आधी तीन टक्क्यांवर आणून मग अजिबात काढून टाकावे अशी शिफारस केली. त्यावर आपल्यापैकी कोणी चार ओळींचे पत्रकही काढले नाही. हा पैसा भारताच्या एकत्रित निधीत जातो. तो कायद्याने प्रसार भारतीला बांधून द्यावा, ही पहिली मागणी. शिफारस मान्य करून तो सोडून देणे म्हणजे खंडमाफी, आणि तीही कुळाला नव्हे.

दूरदर्शनच्या फ्री डिशचे उदाहरण याच दिशेचे आहे. एकदा छत्री बसवली की महिन्याला काही भरावे लागत नाही, आणि देशातली चार कोटींहून अधिक घरे ती वापरतात. खाजगी वाहिन्या लिलावात बोली लावून तिच्यावरची जागा विकत घेतात आणि त्यातून प्रसार भारतीला मोठे उत्पन्न मिळते. गरीब पाहतो आणि धनिक वाहिनी भाडे देते, हे वरवर मला आवडते. पण भाडे देणारी वाहिनी ते जाहिरातीतून काढते, म्हणजे साबणाची वडी पुन्हा आली. शिवाय जास्त बोली लावणाऱ्याला जागा मिळत असल्याने गाण्यांच्या आणि कर्कश बातम्यांच्या वाहिन्या गर्दी करतात. म्हणून या उत्पन्नावर सगळी मदार ठेवता येणार नाही.

उरलेला भाग प्रत्यक्ष करांतून यावा. ‘उपकर’ हा शब्द इथे मी मुद्दाम टाळतो. उपकराचे उत्पन्न राज्यांना वाटून मिळत नाही. शिवाय एका कामासाठी गोळा केलेला पैसा भलतीकडे पडून राहिल्याचे ताशेरे महालेखापरीक्षकांनी अनेकदा मारले आहेत. त्यापेक्षा आयकर आणि कंपनीकर यांच्या उत्पन्नातला ठराविक हिस्सा पाच-पाच वर्षांसाठी कायद्याने निश्चित व्हावा, आणि तो किती असावा हे जर्मनीसारख्या स्वतंत्र आयोगाने सांगावे. वित्त आयोग आपल्याला नवीन नाही, त्याच धर्तीवर हे करता येईल. संचावर, मोबाइलवर किंवा इटलीने २०१६ पासून केले तसे विजेच्या बिलावर एक पैसाही लावू नये. सोपी वसुली हा कर लावण्याचा पुरेसा आधार होत नाही. मिठाचा करही वसुलीला सोपा होता.

दोन आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला आपल्यातलाच : सरकारच्या भोंग्याला आम्ही पैसे का द्यावेत? पण पैसे आपण आजही देतोच आहोत. २०२३ च्या जानेवारीत प्रसार भारतीच्या यंत्रसामग्रीसाठी २,५३९ कोटींहून अधिक रकमेची योजना मंजूर झाली, ती जनतेच्याच पैशातून. आपण देणारे आहोत हे माहीत नसल्यामुळे आपण जाब विचारत नाही.

दुसरा आक्षेप तरुणांचा : आता ज्याच्या-त्याच्या हातात मोबाइल आहे, आकाशवाणी हवी कशाला? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरुड भागात वीज गेली आणि मोबाइलचे मनोरे बंद पडले, ते कित्येक दिवस. अशा वेळी सेलवर चालणाऱ्या रेडिओला ना रिचार्ज लागतो ना मनोरा. दूरवरच्या केंद्राचा आवाज तो पकडतो. पण ते केंद्र चालू ठेवायला माणसे लागतात आणि माणसांना पगार लागतो. वादळाच्या दिवशी जाहिरातदार येत नाही. मोबाइलवर जे दिसते त्याची किंमतही आपण रिचार्जने आणि पुन्हा जाहिरातीनेच मोजतो, आणि काय दिसावे ते परदेशातल्या कंपन्या ठरवतात. त्या कंपन्यांच्या इथल्या जाहिरात-उत्पन्नावरही खंड बसवावा असे माझे मत आहे, पण तो स्वतंत्र भाषणाचा विषय होईल.

तुमच्याकडून मला एक काम हवे आहे. आपापल्या तालुक्यात किती घरांत फ्री डिश आहे, किती घरांत रेडिओ अजून लागतो, आकाशवाणीचे जवळचे केंद्र स्वतःचे किती तास प्रसारित करते आणि किती तास दुसऱ्या केंद्राचे सहक्षेपित करते, याची नोंद येत्या दोन महिन्यांत करून पाठवा. कलम १७ मधल्या ‘देऊ शकेल’ या जागी ‘देईल’ घालण्याच्या दुरुस्तीचा मसुदा मी करून ठेवला आहे. तो खासदारांकडे पाठवताना सोबत हे आकडे असतील तर त्यांना तो बाजूला सारणे जरा अवघड जाईल. मसुद्याच्या प्रती मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत.